पाठीवर सिलिंडर असताना बसायचे कसे? अग्निशमन वाहनातील आसनामागचा विचार

काठोकाठ भरलेली सॅक पाठीवरून न उतरवता एखाद्या खुर्चीत बसून पाहिले, तर या लेखाचा विषय अर्ध्या मिनिटात अंगाला कळतो. पाठ खुर्चीला टेकत नाही, सॅक टेकते; आणि ती जितकी जाड, तितके आपण पुढे सरकतो. निम्म्या मांड्या गादीच्या बाहेर राहतात, सगळा भार खुर्चीच्या कडेवर येतो आणि डोके मागे टेकवावे म्हटले तर आधार वीतभर लांब असतो. आता ही खुर्ची धावत्या वाहनात आहे, चालक वळणावर ब्रेक दाबतो आहे, सॅकच्या जागी कडक सिलिंडर आहे आणि अंगावर जाड अग्निरोधक पोशाख आहे, असे समजावे. आगीच्या वर्दीवर, म्हणजे आगीची खबर मिळून निघालेल्या जवानाला साध्या सीटवर असेच बसावे लागते. त्यावर उपाय म्हणून गेल्या काही दशकांत एक खास आसन घडत गेले. वरवर ते मोडक्या पाठीच्या खुर्चीसारखे दिसते, पण त्यातील प्रत्येक खाच आणि प्रत्येक कडी कोणत्या ना कोणत्या अडचणीतून आलेली आहे.

आधी पाठीवरच्या ओझ्याची ओळख करून घ्यावी लागेल. धूर आणि विषारी वायू भरलेल्या जागेत शिरताना जवान स्वतःची हवा स्वतःबरोबर नेतो. त्या साधनाला ब्रीदिंग अपरेटस सेट किंवा रोजच्या बोलण्यात नुसते ‘बीए सेट’ म्हणतात. पुष्कळांचा समज असतो की त्यात ऑक्सिजन असतो; प्रत्यक्षात आपण श्वासात घेतो तीच हवा गाळून, कोरडी करून आणि दाबून भरलेली असते. पाठीला लागणारी एक ताठ पाटी, तिच्यावर आवळलेला सिलिंडर, हवेचा दाब उतरवणारा रेड्यूसर, खांद्यावरून पुढे येणाऱ्या नळ्या, प्रेशर गेज, चेहऱ्यावरचा मास्क, खांद्यांचे दोन पट्टे आणि कमरेचा एक पट्टा, एवढा त्याचा संसार. मोठ्या प्रमाणावर वापरात असलेला एक सिलिंडर ६.८ लिटर आकारमानाचा असून तो ३०० बारपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तीनशे पट दाबाने भरला जातो. ही हवा मोकळी सोडली तर ती दोन हजार लिटरच्या आसपास भरते, आणि हवेला कसले आले वजन, ही आपली समजूत इथे खोटी ठरते, कारण त्या हवेचेच वजन दोन किलोंच्या वर जाते.

युरोपातील ‘ईएन १३७’ हे मानक वापरास सज्ज असलेल्या सेटचे वजन १८ किलोंपेक्षा जास्त असू देत नाही. कार्बन तंतूंचे हलके सिलिंडर आल्यापासून बरेच सेट या मर्यादेच्या पुष्कळ खाली आले आहेत. पोलादी सिलिंडरचे सेट मात्र तिच्याकडे झुकतात. आसनाच्या दृष्टीने वजनाइतकाच आकारही अडचणीचा आहे. कण्याच्या बरोबर मागे साधारण १६ सेंटिमीटर व्यासाचा एक गोल ओंडका उभा असतो, त्याचा वॉल्व्ह खाली कमरेच्या बाजूला असतो आणि पाटी धरून सगळा फुगवटा जवळजवळ वीतभर होतो.

हा सेट वाहनात बसल्या बसल्या चढवायचाच कशाला, खाली उतरल्यावर का नाही, हा प्रश्न रास्त आहे. सराव असलेला जवान उभ्याने सेट चढवतो तेव्हा त्याला साधारण मिनिटभर लागते. घरात कोणी अडकले असेल तर ते मिनिट महत्त्वाचे असतेच, पण दुसरे कारणही आहे आणि ते माझ्या मते कमी बोलले जाते. जमिनीवरचा किंवा खालच्या कप्प्यातला सेट उचलून, अंग पिळवटून खांद्यावर घेण्यात कंबर आणि खांदे यांवर जो ताण येतो, तो आसनातल्या सेटमुळे वाचतो. तिथे सेट आधीच पाठीच्या उंचीवर टांगलेला असतो. जवानाने फक्त हात पट्ट्यांत घालायचे, पट्टे ओढायचे आणि उठायचे.

ही सोय बंद केबिनबरोबर आली. एके काळी जवान वाहनाच्या मागच्या पायरीवर उभे राहून, दांडा धरून घटनास्थळी जात. त्या काळात आसनाचा प्रश्नच नव्हता, कारण आसनच नव्हते. अमेरिकेतील एनएफपीए या संस्थेच्या अग्निशमन वाहनांविषयीच्या १९०१ क्रमांकाच्या मानकाने १९९१ च्या आवृत्तीत सगळ्या जवानांसाठी पूर्ण बंद केबिनमध्ये बसण्याची जागा आवश्यक केली. जवान आत आले, त्यांच्या पाठोपाठ बीए सेटही आत आले, आणि त्यातून एक नवा मोह जन्माला आला. सेट हाताशी आहे आणि घटनास्थळी पोहोचायला तीन-चार मिनिटे आहेत, तर तोवर तयार का होऊ नये? पण साध्या सीटवर सेट चढवायचा तर पुढे वाकावे लागते, अर्धवट उठावे लागते, आणि त्यासाठी सीट बेल्ट सोडावा लागतो. एप्रिल २००५ मध्ये टेक्सासमधील अमरिलो येथे वर्दीवर निघालेल्या वाहनात एक तरुण जवान बेल्टविना बसून तयारी करत होता. वळणावर दार उघडले, तो बाहेर फेकला गेला आणि दोन दिवसांनी मरण पावला. पुढे त्याच्या स्मरणार्थ अनेक दलांतील जवानांनी सीट बेल्ट लावण्याची लेखी शपथ घेतली. त्याच एनएफपीएचे जवानांच्या सुरक्षिततेविषयीचे १५०० क्रमांकाचे मानक (ते आता १५५० क्रमांकाच्या एकत्रित मानकात समाविष्ट झाले आहे) स्पष्टपणे सांगते की वाहन चालू असताना बेल्ट सोडायचा नाही किंवा सैलही करायचा नाही, आणि श्वसनयंत्र चढवणे हेदेखील त्याला कारण होऊ शकत नाही.

नियम लिहिणे सोपे आहे. तो पाळता येईल अशी खुर्ची बनवणे अवघड. जवानाचा बेल्ट लागलेला राहावा आणि तरीही त्याला सेट चढवता यावा, सेट घट्ट धरलेला राहावा आणि तरीही उतरताना एका झटक्यात सुटावा, अशा परस्परविरोधी अपेक्षा या एकाच आसनाकडून असतात. ‘आरामदायी आसन’ हे शब्द म्हणूनच इथे थोडे फसवे आहेत. गुबगुबीत गादीशी त्यांचा फारसा संबंध नाही. ज्या आसनात अंग नीट बसते त्यातच माणूस बेल्ट लावून बसून राहतो. जिथे सिलिंडर कण्यात रुततो तिथे तो पुढे सरकतो, बेल्ट टोचतो म्हणून काढतो आणि दांड्याला धरून प्रवास करतो.

आसनाच्या पाठीपासून सुरुवात करू. तिच्या मध्यभागी वरपासून खालपर्यंत एक उभा खळगा असतो आणि सिलिंडर त्यात मावतो. पाठीचा आधार मधोमध नसून दोन्ही बाजूंच्या जाड कडांवर असतो. मध्ये सेटची पाटी पाठीला टेकते. कडा फार अरुंद असतील तर खांद्याची पाती अधांतरी राहतात आणि फार रुंद असतील तर सेट आत जात नाही. खळग्याची खोली चुकली तरी घोटाळा होतोच. तो उथळ असेल तर सेट बाहेर डोकावतो आणि जवान सॅकवाल्या प्रवाशासारखा पुढे ढकलला जातो. जास्त खोल असेल तर पाटी पाठीपासून दूर राहते, जवान मागे कलंडून बसतो आणि पट्टे खांद्यापर्यंत पोहोचत नाहीत. खळग्याचा तळ मोकळा ठेवावा लागतो, कारण वॉल्व्हची मूठ तिथेच असते. ती हाताला सापडली पाहिजे, पण गादीवर घासून आपोआप फिरता कामा नये. पाळी सुरू होताना सिलिंडर पूर्ण भरलेला आहे की नाही हे तपासावे लागते. त्यासाठी गेज आसनातून सेट न काढता वाचता आले पाहिजे, अन्यथा रोजची तपासणी हळूहळू ‘कालच पाहिले होते’ या वाक्यावर येऊन थांबते.

खळग्यात सेट नसेल तेव्हा काय करायचे? प्रत्येक वर्दी आगीची नसते. झाड पडलेले असते, पाणी साचलेले असते, अपघातात कोणी अडकलेले असते. सेट दुरुस्तीला गेला असेल तर त्या रिकाम्या खळग्याच्या आसनात बसणे म्हणजे पाठीमागे दार उघडे ठेवून बसण्यासारखे आहे. त्यासाठी काही आसनांत एक बिजागरीची किंवा काढता येणारी उशी असते, जी सेट नसताना खळगा झाकते. व्यवहारात काढता येणाऱ्या उशा हरवतात, बिजागरीच्या टिकतात.

डोक्याच्या आधाराची गोष्ट आणखी नाजूक आहे. वाहन मागून धडकले किंवा झटक्याने थांबून अंग मागे आपटले, तर मान वाचवण्यासाठी डोक्यामागे लगेच आधार लागतो. पण जवान उठतो तेव्हा सिलिंडरचा वरचा भाग नेमका त्याच जागेतून पुढे येतो. सलग आधार ठेवला तर सिलिंडर त्यात अडकतो, आणि आधार काढून टाकला तर मान उघडी पडते. त्यामुळे आधार मधून दुभागतात किंवा तो वर उचलला जाईल अशा बिजागरीवर बसवतात. जवान उठताना सिलिंडर त्याला सहज बाजूला सारतो आणि नंतर तो पुन्हा जागेवर येतो. हेल्मेट मात्र या हिशेबात बसत नाही. अग्निशमन हेल्मेटची मागची झालर आधाराला लागून डोके पुढे ढकलते आणि धडकेच्या वेळी मानेवर उलटा भार टाकते, म्हणून बसलेले असताना हेल्मेट घालू नये अशी सूचना केबिनमध्ये लावण्यास एनएफपीएचे मानक सांगते. हेल्मेट घालायचे नाही म्हणजे ते कुठेतरी पक्के अडकवायला हवे. मोकळे ठेवलेले हेल्मेट केबिनमध्ये दगडासारखे उडते.

उडण्यावरून सेटच्या पकडीकडे येऊ, कारण इथे गणित थोडे डोळे उघडणारे आहे. वाहन ताशी ५० किलोमीटर वेगाने जात आहे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. ते एखाद्या भक्कम अडथळ्यावर आदळून ०.१५ सेकंदात थांबले, तर मंदावण्याचा दर गुरुत्वाकर्षणाच्या नऊपटींहून थोडा अधिक येतो. त्या क्षणी १५ किलोंचा बीए सेट त्याला धरणाऱ्या कडीला सुमारे १४० किलो वजन टांगल्याइतका ओढतो. आसनाचे तोंड पुढच्या दिशेला असेल तर हा भार जवानाच्या पाठीवर येतो; आसन समोरासमोर असेल तर सुटलेला सेट थेट समोरच्या माणसाच्या अंगावर जातो. एनएफपीएच्या १९०१ मानकात (ते आता १९०० क्रमांकाच्या एकत्रित मानकात समाविष्ट झाले आहे) सेट धरणाऱ्या ब्रॅकेटने ९ जी, म्हणजे सेटच्या वजनाच्या नऊपट, इतका भार सोसला पाहिजे अशी अट आहे, आणि वरच्या साध्या हिशेबावरून ती अट उगीच कडक नाही हे लक्षात येते. केवळ एका कापडी पट्ट्याने किंवा रबरी फितीने बांधलेला सेट दिसायला पक्का दिसतो; धक्क्यात तो टिकेल असे मानण्याला काही आधार नसतो.

पकडीच्या रचना अनेक आहेत. काहींमध्ये दोन स्प्रिंगदार हात सिलिंडरला बाजूंनी कवटाळतात, काहींमध्ये वर एक कडी आणि खाली सिलिंडर टेकवायचा पाया असतो. चांगल्या पकडीत सेट मागे ढकलला की ती आपोआप बंद होते आणि बंद झाल्याचा ठळक आवाज येतो. वर्दीवरून परतलेल्या थकलेल्या माणसाकडून कडी हाताने बसवण्याची अपेक्षा ठेवणे ही रचनेतलीच चूक आहे. सोडण्याची मूठ बसलेल्या स्थितीत, हातमोजा घातलेल्या एका हाताने ओढता आली पाहिजे, आणि मानकातही सेट आसनाच्या पाठीत असेल तर तो सोडणारी कळ बसल्या जागेवरून हाताला लागली पाहिजे अशी अट आहे. काही रचनांमध्ये पार्किंग ब्रेक लागेपर्यंत सेट सुटतच नाही. ही कल्पना मला व्यक्तिशः पटते, कारण ती उतावळ्या माणसाला उपदेश करत बसत नाही. त्याबरोबर हेही पाहावे लागते की वाहन उलटले, वीज किंवा हवेचा दाब गेला, तर हाताने सोडण्याची सोय शिल्लक राहते की नाही. सेटचे पट्टे चढवलेला माणूस आसनालाच जखडून राहिला तर सगळा खटाटोप उलट अंगावर येतो.

पकडीची उंचीही बदलता यायला हवी. सेट फार वर टांगला असेल तर त्याचा कमरेचा पट्टा बरगड्यांवर येतो, आणि जवान उभा राहिल्यावर सगळे वजन कमरेऐवजी खांद्यांवर लटकते. फार खाली असेल तर बसताना वॉल्व्ह गादीला टेकतो. सिलिंडरचा प्रकार बदलला, व्यास दोन सेंटिमीटरने वाढला, की जुनी पकड सैल किंवा घट्ट होते. त्यामुळे नवे सेट घेताना आसनांचा विचार न करणारे दल पुढची काही वर्षे सिलिंडरभोवती चिंध्या गुंडाळत बसते.

आता सीट बेल्ट. बेल्ट न लावण्याचे खापर नेहमी बेफिकिरीवर फोडले जाते, आणि ती असतेही. पण मोजमापे पाहिली तर दोष खुर्चीकडेही जातो. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेने, म्हणजे निओशने, देशभरातील ८६३ पुरुष आणि ८८ स्त्री जवानांची शरीरमापे घेतली आणि २०१५ मध्ये त्यांवरून आसनांसाठी शिफारशी मांडल्या. त्यांत गादीची रुंदी ४९८ मिलिमीटर आणि खोली ४०४ मिलिमीटर सुचवली आहे; खांद्याच्या पातळीवर प्रत्येक जवानाला ७३३ मिलिमीटर आणि नितंबाच्या पातळीवर ६७८ मिलिमीटर मोकळी जागा हवी असे म्हटले आहे. कमर आणि खांदा दोन्ही धरणाऱ्या बेल्टची उपयोगी लांबी २८२८ मिलिमीटर असावी, असेही त्यात आहे. एनएफपीएच्या मानकात ही लांबी किमान ११० इंच, म्हणजे २७९४ मिलिमीटर होती. फरक तीन-साडेतीन सेंटिमीटरांचा आहे, पण बक्कल लागायला तेवढेच सेंटिमीटर कमी पडत असतील तर तो बेल्ट असून नसल्यासारखा.

खांद्याच्या जागेचा आकडा जरा ताणून पाहण्यासारखा आहे. युरोपात रस्त्यावरील वाहनाची रुंदी साधारणपणे २.५५ मीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. चार जवानांना एका ओळीत बसवून प्रत्येकाला ७३३ मिलिमीटर द्यायचे म्हटले, तर २.९३ मीटर लागतात. म्हणजे दारे, भिंती, आरसे काही धरले नाही तरी चौघे बसत नाहीत. तिघांना मात्र २.२ मीटरमध्ये बसवता येते. तरीही चार आसनांची ओळ असलेल्या केबिना सर्रास बनतात आणि मधल्या दोघांच्या कोपरांची लढाई सुरू होते. यातून काढलेल्या वाटा बऱ्याच आहेत: आसने एकमेकांपासून थोडी पुढे-मागे बसवणे, दोन बीए आसनांमध्ये एक साधे आसन ठेवणे, किंवा दोन-दोन आसने समोरासमोर मांडणे. समोरासमोरच्या मांडणीत चालकाकडे पाठ करून बसलेल्या जवानाला एक लाभ मिळतो: समोरून धडक झाली तर त्याचा भार बेल्टच्या अरुंद पट्ट्याऐवजी पूर्ण पाठीवर पसरतो. त्याची किंमत म्हणजे उलट्या दिशेच्या प्रवासात काहींना मळमळते, आणि गुडघ्यांना गुडघे लागतात. निओशने पायांसाठी ९०९ मिलिमीटर जागा सुचवली आहे. दोन ओळींच्या मधल्या जागेत ती क्वचितच निघते.

बेल्ट लांब असला तरी तो सापडला पाहिजे. जाड कोट आणि पँट घातलेला माणूस बसतो तेव्हा त्याच्या मांडीशेजारची फट कपड्याने भरून जाते आणि मोटारीतल्यासारखे लवचिक बक्कल त्यात बुडते. हातमोज्यात बोटांना स्पर्श कळत नाही. जवान दोनदा चाचपतो, तिसऱ्यांदा सोडून देतो. म्हणून बक्कल ताठ किंवा निम-ताठ दांडीवर उभे असावे आणि पट्टा भडक लाल किंवा नारिंगी रंगाचा असावा, अशी मानकाची अट आहे. रंगाचा उपयोग दुहेरी आहे. काळ्या-पिवळ्या पोशाखावर पट्टा चटकन दिसतो, आणि पुढे बसलेल्या अधिकाऱ्याला मागे वळून एका नजरेत कळते की कोणी तो लावलेला नाही. खांद्याच्या पट्ट्याचे टोक तर पाठीमागे वर असते. सेटच्या फुगवट्यामुळे हात तिथे वळत नाही. काही आसनांत ते टोक धरणारी छोटी दांडी पुढे झुकलेली असते, म्हणजे पट्टा खांद्यावरच उभा मिळतो.

कोणता पट्टा वर आणि कोणता खाली, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण उतरताना होणारा बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो. सेटचे पट्टे सीट बेल्टच्या वरून घेतले, तर बेल्ट सोडल्यावरही तो सेटच्या पट्ट्याखाली अडकून राहतो, आणि जवान दारात असताना पाठीमागून कोणीतरी ओढल्यासारखा थांबतो. म्हणून वाहन हलण्यापूर्वी खांदे सेटच्या पट्ट्यांत घालायचे आणि सगळ्यांत वरून सीट बेल्ट लावायचा, हा क्रम सोयीचा ठरतो. मग सुटतानाही आधी बेल्ट, नंतर सेटची पकड. त्यासाठी सेटचे पट्टे आसनाच्या कडांवर उघडे, पूर्ण सैल करून अडकवलेले असावे लागतात. मागच्या वेळी वापरल्यावर ते आवळलेलेच राहिले असतील, तर पुढच्या वर्दीला जवानाचा एक हात आत जातो आणि दुसरा बाहेरच राहतो. मास्कचेही तसेच. तो पिशवीत किंवा बाजूच्या कप्प्यात ठेवावा. नळीला लोंबता सोडला तर तो पायाखाली येतो, आणि काच चरे पडून अंधुक होते.

गादीबद्दल थोडक्यात सांगता येईल. ती मोटारीच्या सीटपेक्षा आखूड असते, कारण जवानाला पाय पटकन खाली टेकवून उठायचे असते आणि लांब गादी गुडघ्यामागे अडते. ती टणक असते, कारण पोशाख आणि सेट मिळून माणूस बराच जड झालेला असतो आणि मऊ गादीतून वर येताना त्याला खेचून घ्यावे लागते. अनेक ठिकाणी ती आपोआप वर दुमडते, म्हणजे केबिनमध्ये उभे राहायला जागा होते.

अलीकडच्या काळात या आसनापुढचा सगळ्यांत मोठा प्रश्न बसण्याचा नाही, घाणीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमन जवानाच्या कामातील संपर्काला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या गटात टाकले. आगीतून परतलेल्या सेटच्या पट्ट्यांवर, पाटीवर आणि सिलिंडरवर काजळी बसलेली असते, आणि तिच्यात जळालेल्या प्लॅस्टिकपासून निघालेली नाना रसायने असतात. तोच सेट आसनाच्या खळग्यात परत ठेवला की ती काजळी गादीत, शिवणीत आणि केबिनच्या हवेत जाते. मग पुढच्या पाळीचा माणूस स्वच्छ कपड्यांनी त्याच जागी बसतो. खळगा, कडी, बिजागरी, उशी यांनी भरलेले आसन साध्या आसनापेक्षा पुसायला कितीतरी अवघड असते. म्हणून आता शिवण नसलेले, गुळगुळीत, पाणी न शोषणारे आवरण आणि हत्याराशिवाय निघणाऱ्या उशा यांकडे ओढा आहे.

काही दलांनी त्यापुढे जाऊन बीए सेट केबिनमधून बाहेरच काढले आणि बाजूच्या कप्प्यांत, छातीच्या उंचीवरच्या पकडीत ठेवले. त्याने केबिन स्वच्छ राहते, आसनाला सलग पाठ आणि पुरा डोक्याचा आधार देता येतो, आणि चालत्या वाहनात सेट चढवण्याचा मोहच उरत नाही. त्याच्या बदल्यात घटनास्थळी उतरल्यावरचे मिनिट पुन्हा खर्चात येते, पावसात आणि रहदारीच्या कडेला उभे राहून सेट चढवावा लागतो. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या परीने बरोबर आहेत, आणि मला वाटते की निवड दलाच्या कामावरून व्हावी. जिथे केंद्रापासून घटनास्थळ दोन मिनिटांवर असते तिथे प्रवासात सेट चढवून होतच नाही; तिथे आसनातल्या सेटचा उपयोग मुख्यतः उचलण्याचा ताण वाचवण्यापुरता आहे, आणि तो लाभ बाहेरची चांगल्या उंचीवरची पकडही देऊ शकते. जिथे अंतर लांब आहे आणि आत शिरणारी पहिली जोडी ठरलेली आहे, तिथे फक्त त्या दोघांची आसने सेटची ठेवून बाकीचे सेट बाहेर ठेवणे हा मधला मार्ग वापरण्याजोगा आहे. त्यातही एक शिस्त लागते: आगीत वापरलेला सेट केबिनमध्ये परत जाणार नाही, तो पिशवीत बंद करून बाहेरच्या कप्प्यातून केंद्रावर येईल आणि धुतल्यावरच आसनात बसेल.

वाहन खरेदी करताना आसनांची परीक्षा बहुधा रिकाम्या केबिनमध्ये, साध्या कपड्यांतल्या माणसांकडून होते, आणि मग सगळीच आसने छान वाटतात. खरी परीक्षा घ्यायची तर दलातला सगळ्यांत आडवा आणि सगळ्यांत बुटका असे दोन जवान पूर्ण पोशाखात, हातमोजे घालून, सगळी आसने भरलेली असताना आणि दिवे मालवून बसवावेत. बक्कल न पाहता लागते का, खांदे पट्ट्यांत जाताना शेजाऱ्याच्या तोंडावर कोपर बसते का, कडी एका ओढीत सुटते का, हे पाच मिनिटांत कळते. शेवटी त्यांना खाली उतरायला सांगावे, आणि तेही शिकवलेल्या पद्धतीने, म्हणजे तोंड केबिनकडे ठेवून, दांडा न सोडता. तेव्हा बुटक्या जवानाचा पाय शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचतो का ते खालून पाहावे, आणि आडव्या जवानाचा सिलिंडर दाराच्या वरच्या चौकटीला किती वेळा आपटतो ते मोजावे.